आई-अब्बांपासून दूर जाताना मूल घाबरतंय? हट्ट समजू नका

पाथरी आणि आसपासच्या गावांत मुलं आणि आई-वडील वेगळे राहण्याची वेळ अनेक घरांवर येते. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघालेली कुटुंबं मार्च-एप्रिलमध्ये परततात. तोवर मुलं दादी-नानीकडे किंवा हंगामी वसतिगृहात असतात. कुणाचे अब्बा पुण्या-मुंबईत कामाला, कुणाचे आखाती देशात. कुणाचा मुलगा हिफ्जसाठी दूरच्या मदरशात, कुणाची मुलगी दहावीनंतर परभणीला शिकायला. बहुतेक मुलं चार-आठ दिवस रडतात आणि रुळतात. काही मात्र रुळत नाहीत. त्यांच्याविषयी आपण बोलायला हवं.

भीती केव्हा साहजिक असते?

साधारण आठ-दहा महिन्यांचं बाळ आई नजरेआड झाली की रडू लागतं. हे चांगलं लक्षण आहे. आपलं माणूस कोण, हे त्याला कळू लागलेलं असतं. तीन वर्षांच्या आसपास ही भीती ओसरते. अंगणवाडीचे किंवा पहिलीचे सुरुवातीचे दिवस रडण्यात गेले, तरी काळजीचं कारण नाही.

मात्र वयाच्या मानाने ही भीती फार जास्त असेल, चार आठवडे उलटूनही कमी होत नसेल आणि शाळा, झोप, खेळणं यात अडथळा येत असेल, तर डॉक्टर त्याला 'सेपरेशन अँक्झायटी', म्हणजे दुराव्याच्या चिंतेचा आजार मानतात. लहान मुलांत तो जास्त दिसतो, पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलांनाही होतो.

लक्षणं कशी ओळखायची?

शाळेच्या दिवशी सकाळी पोट किंवा डोकं दुखतं, उलटी होते. रविवारी मूल ठणठणीत असतं. हे नाटक नसतं, भीतीने पोट खरंच दुखतं. अम्मीशिवाय झोप येत नाही. अब्बांचा अपघात होईल, अम्मी मरेल, असे विचार आणि तशीच स्वप्नं पडतात. मोठी मुलं रडत नाहीत, पण बाहेर असलेल्या आई-वडिलांना दिवसातून वीस वेळा फोन करतात, सहल टाळतात, वसतिगृहातून पळून येतात. घरातला मृत्यू, मोठं आजारपण, गाव किंवा शाळा बदलणं, यानंतर हा त्रास अनेकदा सुरू होतो.

मुलाला मार, मुलीला शाबासकी

इथे आपल्या घरांत एक गोष्ट घडते. मदरशातून किंवा वसतिगृहातून पळून आलेल्या मुलाला मार मिळतो, परत नेऊन सोडलं जातं. तीच भीती मुलीला असेल, तर 'आमची पोरगी अम्मीला सोडून कुठे जात नाही' असं कौतुक होतं. आठवी-नववीत शाळा सुटते आणि कुणाला त्यात आजार दिसत नाही. मार खाल्लेला मुलगा भीती लपवायला शिकतो, शाबासकी मिळालेल्या मुलीचं शिक्षण थांबतं. उपचार दोघांनाही मिळत नाहीत.

घरी काय करावं?

आधी शांतपणे विचारा. शाळेत किंवा वसतिगृहात कुणी मारतं का, छळतं का, अंगाला नको तसा हात लावतं का? तसं असेल, तर ती भीती खरी आहे. मुलाला तिथे परत पाठवण्याआधी तो प्रश्न सोडवा.

मूल खेळात असताना गुपचूप निघून जाऊ नका. त्याने भरवसा उडतो. सांगून निघा आणि निरोप थोडक्यात घ्या. 'असरच्या अजानपर्यंत येते' असं मुलाला कळेल ते सांगा आणि ती वेळ पाळा. 'रडलास तर सोडून जाईन' ही धमकी तर कधीच नको.

दूर राहण्याची सवय पायरीपायरीने लावा. आधी शेजारी दहा मिनिटं, मग खालाकडे दुपारभर, मग नानीकडे एक रात्र. शाळा पूर्ण बंद करू नका. घरी बसवलं की त्या दिवशी बरं वाटतं, पण दुसऱ्या दिवशी भीती वाढते. सरांशी बोलून काही दिवस अर्धी शाळा चालेल का, ते पाहा. बाहेरगावी असलेल्या आई-वडिलांनी फोनची वेळ ठरवून घ्यावी आणि चुकवू नये.

मदत कुठे मिळेल?

चार आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा शाळा, जेवण, झोप सुटली, तर थांबू नका. मूल मरणाची भाषा करत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. पाथरीच्या सरकारी दवाखान्यात आधी तपासणी करून घ्या. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम जिल्हा रुग्णालयामार्फत चालतो, त्यामुळे पुढच्या उपचारांसाठी परभणी गाठता येते. शाळेत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकालाही सांगता येतं. 2022 पासून 'टेलि-मानस'ची 14416 ही मोफत हेल्पलाइन चोवीस तास सुरू आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. मुलाचा छळ होत असेल तर 1098 लावा.

उपचार म्हणजे लगेच गोळ्या नव्हेत. भीतीला थोडं थोडं सामोरं जायला शिकवणारं समुपदेशन आधी होतं, त्यात आई-वडिलांनाही सामील करून घेतात. त्रास जास्त असेल तरच मानसोपचारतज्ज्ञ औषध देतात.

नजर, आसेब म्हणून कुणी ताविज आणतं. दुआ जरूर करावी, पण त्यासाठी डॉक्टरांकडे जाणं लांबवू नये. मूल रडल्याचा आवाज आला की प्रेषित मुहंमद (स.) नमाज आटोपती घेत, असं हदीसमध्ये आलं आहे. त्या मुलाच्या आईची घालमेल ते जाणत होते. आपल्या मुलाचं रडणं आपणही तितक्याच गांभीर्याने ऐकायला हवं.