वाळलेले कोनफ्लॉवर लगेच कापू नका! जाणून घ्या कारण

अमेरिकेत मुलांकडे किंवा नातेवाइकांकडे उन्हाळ्यात जाऊन आलेल्यांनी हे फूल अंगणात नक्की पाहिले असेल. जांभळट गुलाबी पाकळ्या आणि मधोमध केशरी, काटेरी घुमट. हेच कोनफ्लॉवर, म्हणजे एकिनेशिया. थंडीच्या तोंडावर पाकळ्या झडून काळे बोंड उरते आणि बाग आवरताना पहिली कात्री त्यावरच चालते. इथेच चूक होते.

बोंड का ठेवायचे?
हे झाड सूर्यफूल, झेंडूच्या कुळातले. आपल्याला एक दिसणारे फूल म्हणजे अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो. मधल्या घुमटातल्या फुलांत बी धरते. थंडीत गोल्डफिंचसारखे पक्षी ते टिपून खातात. खाली सांडलेल्या बियांतून नवी रोपेही उगवतात. म्हणून छाटणी हिवाळा सरताना करावी.

लागवड कशी करायची?
• रोज किमान ६ तास ऊन हवे.
• पाण्याचा निचरा होणारी जमीन निवडा. हिवाळ्यात ओल साचली तर मुळे कुजतात.
• दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर ठेवा.
• बियांवर मातीचा पातळ थर पुरे.
• खत बेतानेच द्या. जास्त झाले तर झाड उंच वाढून लवंडते.
• बियांपासून लावल्यास पहिल्या वर्षी बहुधा पानेच येतात. फुले नाहीत म्हणून उपटू नका.

कोणते रोप घ्यावे?
नर्सरीत भरगच्च, दुहेरी पाकळ्यांचे वाण आकर्षक दिसतात. पण त्यांच्यात मधमाश्यांना पराग आणि मध कमी मिळतो. एकेरी पाकळ्यांचे साधे जांभळे रोप घ्या.

रोग कसा ओळखावा?
फुले हिरवी, वेडीवाकडी येऊ लागली तर तो ‘अ‍ॅस्टर येलोज’ असू शकतो. त्यावर औषध नाही. असे झाड मुळासकट काढून टाका.

बी बॅगेतून भारतात आणायचे का?
नाही. सोबत कीड, रोग येण्याचा धोका असतो. २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार पेरणीच्या बियांसाठी आयात परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. त्यापेक्षा दसऱ्याच्या तोरणातला झेंडू वाळवून कुंडीत चुरडा. आपल्या हवेत तोच आधी फुलेल.