तास कमी, झीज जास्त

जुनी यॉट विकायला निघाली की जाहिरातीत एक ओळ हमखास असते: जनरेटर फक्त ३०० तास चाललेला. विकणारा ती अभिमानाने लिहितो आणि घेणारा खूश होऊन वाचतो. बोट दहा वर्षांची असेल, तर हे झाले वर्षाला ३० तास. अखंड चालणारा जमिनीवरचा डिझेल जनरेटर तेवढे तास सव्वा दिवसात पुरे करतो आणि असे हजारो तास काढतो. कमी वापर म्हणजे कमी झीज, हा मोटारगाडीचा हिशेब आपण डोळे झाकून समुद्रावर नेतो आणि तिथे तो फसतो. हौसेच्या बोटीवरचा जनरेटर सहसा चालून मरत नाही. तो पडून राहून मरतो, आणि चालतो तेव्हा नाममात्र लोडवर चालतो म्हणून मरतो. म्हणून त्याच्या देखभालीत तासमीटरपेक्षा भिंतीवरच्या कॅलेंडरला जास्त मान हवा.

यंत्र तसं जुनंच आणि ओळखीचं. डेव्हिड ओनान यांनी १९२० साली अमेरिकेतल्या मिनिॲपोलिसमध्ये सुरू केलेल्या कारखान्याचं नाव आजही असंख्य बोटींच्या जनरेटरवर दिसतं. ती कंपनी पुढे कमिन्सकडे गेली, आणि कमिन्सचं नाव पुण्याला १९६२ सालच्या किर्लोस्कर कमिन्सपासून ठाऊक आहे. पेटी उघडली तर आत दोन-चार सिलिंडरचं छोटं डिझेल इंजिन, त्याला जोडलेला अल्टरनेटर आणि भोवती आवाज अडवणारं अस्तर. ५० हर्ट्झची वीज हवी म्हणून इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर बांधलेलं. अगदी लहान संच ३००० वर पळतात. हॉस्पिटलच्या मागे उभा असलेला जनरेटरही आतून असाच. फरक आहे तो थंड करण्यात. जमिनीवर रेडिएटर आणि पंखा पुरतो. बोटीच्या तळाशी, बंद पेटीत, वारा कुठून येणार? तिथे समुद्राचंच पाणी आत ओढून इंजिन थंड करावं लागतं, आणि सगळी भानगड इथून सुरू होते.

हे पाणी ओढण्याचं काम करतो इम्पेलर. तळहातावर मावणारं रबराचं चाक, भोवती सहा ते बारा पात्या. करंजीची कातण जाड रबरात घडवावी तसं दिसणारं. पितळी पंपाच्या आत एका बाजूला फुगवटा असतो. पाती तिथून जाताना वाकते, पुढे गेली की सरळ होते, आणि या वाकण्या-सरळ होण्यात पाणी खेचलं आणि ढकललं जातं. रचना इतकी साधी, की कचरा-गाळ मिसळलेलं पाणीसुद्धा हा पंप निमूटपणे ओढतो. पण त्याला वंगण पाण्याचंच. समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह, म्हणजे सीकॉक, बंद राहिला किंवा स्ट्रेनरच्या गाळणीत प्लॅस्टिकची पिशवी अडकली, तर कोरडं रबर पितळेवर घासून काही क्षणांत तापतं आणि पात्या तुटायला लागतात. हे झालं चालताना. न चालतानाही फुगवट्याखालच्या दोन-तीन पात्या महिनोन् महिने वाकलेल्याच राहतात. रबर तसंच ताठरतं, मुळाशी बारीक चिरा पडतात आणि हंगामाच्या पहिल्याच दिवशी पाती निखळते. तासमीटर म्हणतो यंत्र नवं आहे. रबर ते ऐकत नाही.

इम्पेलर बदलणं पुस्तकात दहा मिनिटांचं काम आहे. प्रत्यक्षात पंपाचं झाकण बऱ्याच बोटींत भिंतीकडे तोंड करून असतं. मिस्त्री एका हातात छोटा आरसा धरतो, दुसऱ्या हाताच्या बोटांनी चाचपत बारीक स्क्रू सोडवतो, आणि त्यातला एखादा निसटून तळाच्या काळ्या पाण्यात पडतोच. सीकॉक आधी बंद करायचा आणि जनरेटरची किल्ली त्याच्याच दांड्याला अडकवायची, म्हणजे तो उघडल्याशिवाय कुणी स्टार्ट मारणार नाही, ही चांगल्या मिस्त्रीची सवय. दुसरी सवय त्याहून मोलाची: जुन्या इम्पेलरच्या पात्या तो मोजतो. एक जरी कमी भरली, तर नवा इम्पेलर बसवून काम संपत नाही, कारण तो तुकडा पुढे हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी जाऊन बसलेला असतो. तो शोधून काढला नाही, तर नवाकोरा इम्पेलर असूनही इंजिन तापतं आणि दोष भलत्याच भागावर येतो. नवं रबर बसवताना ग्लिसरीन किंवा साबणाचं पाणी लावायचं, ग्रीस नाही. साध्या ग्रीसने रबर फुगतं.

हीट एक्स्चेंजरमध्ये खारं पाणी बारीक नळ्यांतून जातं आणि नळ्यांबाहेरून इंजिनचं कूलंट फिरतं. टोकाला पेन्सिलीएवढी जस्ताची कांडी स्क्रूने बसवलेली असते. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकत्र आले की एकाने झिजायचंच. जस्त झिजावं आणि नळ्या वाचाव्यात, एवढ्यासाठी ती तिथे असते. जनरेटर बंद असला तरी खारं पाणी आत साचलेलंच असतं आणि जस्त रात्रंदिवस झिजत राहतं. अर्धी संपली की कांडी बदलायची. पुरती संपू दिली तर पाणी नळ्यांकडे वळतं, आणि शंभर-दोनशे रुपयांच्या कंजुषीपायी हजारोंचा भाग जातो. कूलंटमधली गंजरोधक द्रव्यंही अशीच, इंजिन चालो वा न चालो, काही वर्षांत निकामी होतात.

थंड करून झालेलं पाणी एक्झॉस्टच्या वाकड्या नळीत, म्हणजे एल्बोत, गरम धुरात सोडलं जातं. धूर निवतो, आवाज दबतो आणि रबरी होजमधून सगळं बाहेर पडतं. कल्पना सुरेख आहे, पण इंजिनच्या इतक्या जवळ समुद्र आणून ठेवण्याचं धाडसही त्यात आहे. एल्बो आतून खारं पाणी, उष्णता आणि धुरातलं आम्ल यांनी खाल्ला जातो, आणि बाहेरून रंग शाबूत असतो. संच पाण्याच्या पातळीखाली असेल, तर पाइप आधी वर नेऊन तिथे सायफन मोडणारा व्हॉल्व्ह बसवतात. त्याच्या ओठावर मिठाचे कण जमले की तो चिकटतो, आणि बंद पडलेल्या इंजिनात समुद्र आपोआप झिरपत येतो. याहून नेहमीचा अपघात माणसाच्या हातून होतो. जनरेटर चालू होत नाही म्हणून खलाशी पुन्हा पुन्हा स्टार्टर मारतो. स्टार्टरबरोबर इम्पेलरही फिरतो आणि पाणी आत येत राहतं. पण इंजिन पेटलेलंच नाही, तर पाण्याला बाहेर ढकलायला धूर कुठून येणार? मफलर भरतो, पाणी मागे सरकतं, सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी दाबलं जात नाही. वाकतो तो कनेक्टिंग रॉड. दोन-तीन प्रयत्नांत इंजिन पेटलं नाही, तर सीकॉक बंद करून मगच पुढचा प्रयत्न करावा, हा नियम स्टार्ट बटणाशेजारी रंगवून ठेवण्याच्या लायकीचा आहे.

इथे अनुभवी माणसं एक आक्षेप घेतात आणि तो पोकळ नाही. ती म्हणतात, चाललंय ते चालू द्या. उघडाल तेवढं बिघडेल. खरंच, झाकणाची ओ-रिंग तिरकी बसल्याने पंप हवा ओढू लागला, डिझेल फिल्टर बदलताना लाइनमध्ये हवा शिरली, अशी सर्व्हिसिंगनंतर उद्भवलेली दुखणी थोडी नसतात. पण त्यातून निघतं ते एवढंच, की जे आपोआप सडत नाही त्याला हात लावू नये. इंजेक्शन पंप, व्हॉल्व्ह, अल्टरनेटरचं पोट तारीख आली म्हणून उघडायचं कारण नाही. रबर, जस्त, ऑइल, कूलंट, एल्बो यांची गोष्ट वेगळी. ती हात न लावताही सडतात. याहून वाईट सवय म्हणजे एल्बोवरचा तापमानाचा स्विच किंवा ऑइल प्रेशरचा स्विच ‘सारखा ट्रिप करतो’ म्हणून वायर जोडून बाद करणं. पाणी कमी पडतंय हे सांगणारा पहिला साक्षीदार एल्बोवरचाच स्विच असतो. त्याची जागा कानाने घ्यायची झाली तर बोटीच्या कडेला वाकून ऐकत बसावं लागेल: पाणी धुराबरोबर लयीत पिचकारी मारतंय तोवर ठीक, आवाज कोरडा झाला आणि पांढरी वाफ निघाली की बंद.

आता लोडचा प्रश्न, आणि इथे दोष सहसा मालकाकडे नसून बोट बांधणाऱ्याकडे जातो. एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना चालू करंटच्या कित्येक पट करंट क्षणभर ओढतो. तो झटका सोसावा, तीन एसी एकदम लागले तरी दिवे मंदावू नयेत, म्हणून १२ किलोवॉटचा संच बसवतात. मग रात्री नांगरावर फ्रिज, बॅटरी चार्जर आणि चार दिवे एवढ्यासाठी तोच संच एक किलोवॉट देत तासन् तास घुमत राहतो. डिझेल इंजिनाला हे सोसत नाही. ३० टक्क्यांच्या खाली ते पुरतं तापत नाही, इंधन अर्धवट जळतं, काजळी आणि न जळलेलं डिझेल एक्झॉस्टमध्ये चिकटतं, सिलिंडरची भिंत काचेसारखी गुळगुळीत होते आणि इंजिन ऑइल प्यायला लागतं. ‘बिचाऱ्यावर भार टाकत नाही’ ही दया त्याला महागात पडते. हंगामात महिन्यातून एकदा तरी अर्ध्याहून जास्त लोडवर अर्धा-पाऊण तास चालवणं हे त्याच्या सर्व्हिसिंगचाच भाग मानलं पाहिजे.

लिथियम बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर आल्यावर जनरेटर ठेवायचाच कशाला, असं विचारणारेही आहेत. मरीनात उभ्या राहणाऱ्या बोटीला ते शोभतं. कोचीच्या बोलगट्टीला धक्क्यावर प्लग लावता येतो. मुंबईत गेटवेसमोरच्या यॉट बॉयाला बांधून पाण्यात उभ्या असतात. तिथे किनाऱ्याची वीज नाही. एसीचे दोन किलोवॉट आठ तास चालवले तर १६ युनिट लागतात, आणि ते दुसऱ्या दिवशी कुठून तरी भरून काढावे लागतात. बॅटऱ्यांनी जनरेटर जात नाही, पण त्याचं काम सुधारतं: रात्रभर रेंगाळण्याऐवजी दोन-अडीच तास चांगल्या लोडवर चालायचं आणि गप्प बसायचं. इंजिनच्या तब्येतीला हे उत्तमच. तासमीटर मात्र आणखी हळू चालणार, म्हणजे तासांवर सर्व्हिसिंग करणाऱ्याची फसगत आणखी वाढणार.

या सगळ्याची खरी परीक्षा मुंबईचा पावसाळा घेतो. जून लागला की हौसेच्या बोटी बंद होतात, त्या थेट ऑक्टोबरच्या सुमारास सुटतात. कोळीवाड्यात या काळासाठी नौका शाकारण्याची रीत आहे: नाव वर ओढायची, सामान उतरवायचं, वरून झापांचं छप्पर घालायचं आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहायची. यॉटवाले ताडपत्री घालतात, पण ती डेकवर. तळातला जनरेटर शाकारायचा राहून जातो. ऑइल बदलणं बहुतेक जण हंगामाच्या सुरुवातीला करतात, नवा हंगाम नवं ऑइल म्हणून. हे उलटं आहे. वापरलेल्या ऑइलमध्ये जळणातून आलेलं आम्ल आणि ओल असते. ते चार महिने बेअरिंगभोवती बसवून ठेवायचं आणि मग बाहेर काढायचं, यात काय मिळवलं? बोट बंद करताना, इंजिन गरम असतानाच, ऑइल आणि फिल्टर बदलायला हवेत. त्यानंतर खाऱ्या पाण्याची वाट गोड्या पाण्याने धुवायची. इथेही पाण्याचा पाइप सरळ पंपाला जोडून नळ सोडू नये. इंजिन बंद असताना नळाचा दाब ते पाणी एक्झॉस्टमध्ये नेऊन भरतो. बादलीतून ओढू द्यावं. मग इम्पेलर काढून घ्यायचा आणि ‘इम्पेलर नाही’ अशी चिठ्ठी स्टार्ट बटणाला बांधायची. डिझेलची टाकी भरलेली ठेवावी, कारण रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होतं आणि डिझेल-पाण्याच्या सीमेवर जिवाणूंचा काळा चिकट थर वाढतो.

‘पावसाळ्यात दर आठवड्याला दहा मिनिटं चालवतो की!’ असं सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण दहा मिनिटांत इंजिन जेमतेम कोमट होतं; जळणातली वाफ ऑइलमध्येच निवते आणि न चालवण्यापेक्षा जास्त ओल जमते. चालवायचंच तर लोड टाकून, पुरतं तापेपर्यंत. अल्टरनेटरचं दुखणं वेगळं. चार महिने दमट, खारट हवेत राहिलेल्या वाइंडिंगमध्ये ओल मुरते. ऑक्टोबरात थेट स्टार्ट मारण्याआधी व्होल्टेज रेग्युलेटरच्या वायरी सोडवून मेगरने, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने, ते तपासावं, आणि निदान एक मेगाओहम भरत नसेल तर गरम हवेने आधी सुकवावं. इलेक्ट्रिशियनचं हे तासाभराचं काम टाळलं की वाइंडिंग जळतं आणि खापर ‘कंपनीच्या मालावर’ फुटतं.

राहिला धूर. ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेतल्या लेक पॉवेलवर एका हाउसबोटीच्या मागच्या पोहण्याच्या फळीखाली जनरेटरचा धूर साचला आणि ८ व ११ वर्षांचे दोन भाऊ कार्बन मोनॉक्साइडने गेले. त्यानंतर तिथल्या सरकारी यंत्रणांनी अशा बोटींची तपासणी केली, रचना बदलायला लावल्या, आणि काही वर्षांत पेट्रोलवर चालणारे कमी-मोनॉक्साइड संच बाजारात आले. आपल्याकडच्या बोटींवर बहुधा डिझेल असतं आणि त्यात हा वायू बराच कमी असतो. पण कमी म्हणजे शून्य नाही, आणि कुजलेल्या एल्बोतून किंवा सैल क्लॅम्पमधून तो थेट झोपायच्या केबिनखाली सुटतो. वारा मागून असला तर बाहेर पडलेला धूरही उघड्या दारातून आत येतो. केबिनमधला मोनॉक्साइड अलार्म म्हणूनच सर्व्हिसिंगच्या यादीत हवा. त्यातला सेन्सर ठरावीक वर्षांनी निकामी होतो, जनरेटर तीन हजार तास चालला असो वा तीस. बॅटरी संपली नसेल तर टेस्टचं बटण दाबल्यावर तो तरीही ओरडतो, कारण ते बटण बहुतेक अलार्ममध्ये भोंगा आणि सर्किट तपासतं, सेन्सरला वायू कळतो की नाही ते नव्हे. बदलायची तारीख पाठीमागे छापलेली असते. ती वाचायला अलार्म भिंतीवरून उतरवावा लागतो.