हृदयविकार : रक्तवाहिनीतील धुमसती आग

हृदयविकाराचा झटका म्हटला की आपल्याला कोलेस्टेरॉल आठवते. नळात गाळ साचावा तसा रक्तवाहिनीत मेद साचतो व ती बंद होते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे.

बोटात काटा मोडला की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. यालाच दाह म्हणतात. रक्तवाहिनीच्या अस्तरात कोलेस्टेरॉल शिरले की तेथेही पांढऱ्या पेशी धावून येतात, ते गिळतात आणि तेथेच अडकतात. त्यांच्यातून पाझरणाऱ्या द्रव्यांमुळे मेदाच्या थरावरचे आवरण पातळ होते. ते फाटले की त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि झटका येतो. म्हणूनच वाहिनीत थोडाच अडथळा असलेला माणूसही अचानक कोसळू शकतो.

याचा भक्कम पुरावा २०१७ साली मिळाला. झटका येऊन गेलेल्या सुमारे दहा हजार रुग्णांवरील ‘कॅन्टॉस’ चाचणीत दाह कमी करणारे औषध वापरले गेले. कोलेस्टेरॉल उतरले नाही. तरी एका मात्रेने पुढचे झटके, पक्षाघात व हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी घटले. मात्र जीवघेणा जंतुसंसर्गही थोडा वाढला.

हा दाह धुमसत कशाने राहतो? तंबाखू, मधुमेह, पोटावरची चरबी, हिरड्यांचे जुनाट विकार आणि धूर यांनी. धूर म्हणजे काय, हे गोवंडीकरांना सांगायला नको. शेजारी देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेल्या आगीचा धूर कित्येक दिवस वस्तीवर होता. धुरातील अतिसूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जाऊन दाह निर्माण करतात व त्याचा परिणाम रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचतो. धुराने केवळ खोकला-दमा होतो असे नव्हे. हृदयालाही इजा पोहोचते.

हवा एकट्याने सुधारत नाही. पण विडी-सिगारेट व तंबाखू सोडणे, दारात कचरा न जाळणे, साखर व रक्तदाब तपासणे, रोज अर्धा तास चालणे, दात-हिरड्या स्वच्छ ठेवणे आपल्या हाती आहे.

एक इशारा : दाह कमी व्हावा म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून खाऊ नयेत. त्यांतील अनेक गोळ्या हृदयविकाराचा धोका वाढवतात. डॉक्टरांनी दिलेली औषधे मात्र परस्पर बंद करू नयेत.

छातीत दडपण, डाव्या हातात वा जबड्यात कळ, दरदरून घाम अशी लक्षणे दिसली, तर ‘गॅस झाला’ म्हणून थांबू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.