शून्य शुल्क मागावे लागते

संयुक्त अरब अमिरातीशी भारताचा व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे, ऑस्ट्रेलियाशी २९ डिसेंबर २०२२ पासून. तरीही या देशांना माल पाठवताना सवलत न घेणारे लहान निर्यातदार आजही भेटतात. ‘करार झाला म्हणजे शुल्क आपोआप माफ’ ही समजूत त्यामागे असते, आणि तीच सर्वांत महागात पडते.

सवलत आपोआप मिळत नाही. माल भारतातच तयार झाला आहे हे सांगणारे प्रेफरेन्शियल सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन तिकडच्या कस्टम्ससमोर ठेवावे लागते. ते डीजीएफटीच्या, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, पोर्टलवरून ऑनलाइन काढता येते. व्यापारी चेंबरकडून मिळणारे साधे, म्हणजे नॉन-प्रेफरेन्शियल, सर्टिफिकेट इथे चालत नाही. ते फक्त मूळ देश सांगते, सवलत देत नाही. घाईत कागद राहिलाच, तर माल रवाना झाल्यावर मागाहून सर्टिफिकेट घेण्याची सोय बहुतेक करारांत आहे.

दुसरा गैरसमज पैशाचा. वाचलेले शुल्क आपल्या खात्यात येईल असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ते वाचते आयातदाराचे. सोलापूरच्या टॉवेलचेच बघा. दुबईत सर्वसाधारण आयात शुल्क ५ टक्के आहे आणि करारामुळे टॉवेलवर ते शून्य होते. दहा लाखांच्या मालावर तिथल्या व्यापाऱ्याचे पन्नास हजार वाचतात. या रकमेतला वाटा हवा असेल तर तो भाव ठरवतानाच मागायला हवा. भाव थोडा वाढवून घ्या, किंवा त्याच भावात मोठी ऑर्डर घ्या. पण सर्टिफिकेट देणार आहोत हे कोटेशनमध्येच लिहा. सर्टिफिकेट काढण्याची मेहनत आपण करायची आणि फायदा मात्र मुकाट्याने समोरच्याला द्यायचा, हे मला पटत नाही.

‘माझा कारखाना भारतात, म्हणजे माल भारतीय’ हेही अर्धेच खरे. नियम करारागणिक आणि मालागणिक बदलतात. आसियान देशांशी झालेल्या करारात सर्वसाधारण अट दुहेरी आहे: मालाच्या एफओबी, म्हणजे जहाजावर चढवेपर्यंतच्या, किमतीतला किमान ३५ टक्के भाग करारातल्या देशांत घडलेला हवा, आणि बाहेरून आणलेल्या कच्च्या मालाचा एचएस कोड, म्हणजे आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला क्रमांक, तयार मालात सहा अंकांच्या पातळीवर बदललेला हवा. चीनमधून आणलेले बेअरिंग भोसरीत नुसते नव्या खोक्यात भरले, तर ते भारतीय ठरत नाही. सुतापासून इथेच विणलेल्या टॉवेलला ही अडचण सहसा येत नाही. तरी कच्च्या मालाची बिले आणि खर्चाचा हिशेब जपून ठेवा, कारण आयात करणारा देश नंतरही पडताळणी मागू शकतो.

मोठ्या कंपन्यांनाच हे जमते, असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगेन की आयईसी (आयात-निर्यात कोड) आणि डिजिटल सही असलेला एकटा उद्योजकही अर्ज करू शकतो. मात्र आधी शुल्काचा दर पाहून घ्या. सिंगापूरसारख्या ठिकाणी जवळपास सगळ्याच मालावर आयात शुल्क मुळातच शून्य आहे. तिथे सवलतीसाठी धडपडून हाती काही लागत नाही.

शुल्क गेले म्हणजे दार उघडले, असेही नाही. २००३ मध्ये युरोपात आपली द्राक्षे अडली ती शुल्कामुळे नव्हे, मेथोमिल या कीटकनाशकाच्या अंशामुळे. त्यानंतर शेतमाल निर्यातीचे काम पाहणाऱ्या अपेडाने ग्रेपनेट ही यंत्रणा उभी केली. त्यात बागेची नोंदणी होते, प्रयोगशाळेत तपासणी होते आणि पेटीवरून थेट प्लॉटपर्यंत माग काढता येतो. करार कोणताही असो, अशा शेतमालासाठी अंश तपासणीचा अहवाल आणि कीडमुक्तीचा दाखला द्यावाच लागतो, आणि लेबलचे नियम पाळावेच लागतात. ऑर्डर घेण्याआधी हे सगळे आयातदाराला लेखी विचारून घ्यावे, आणि त्याच पत्रात आपला एचएस कोड त्याच्याकडून पक्का करून घ्यावा. कोड चुकला तर सर्टिफिकेट हातात असूनही शुल्क भरावे लागते.