आधी विचारा, मग तपासा

पावसाळ्यातील पहाट. आसनगाव परिसरातील एखाद्या पाड्यावरून पोटदुखीने तळमळणारा तरुण दवाखान्यात येतो. अंगावर जखम नाही, सूज नाही. गोळी देऊन त्याची बोळवण करणे सोपे असते. परंतु ‘रात्री जमिनीवर झोपला होतास काय?’ एवढे विचारले, तर मण्यारीच्या दंशाची शंका येऊ शकते. कारण हा दंश पुष्कळदा दुखतही नाही आणि दिसतही नाही. एका प्रश्नावर येथे जीव तोललेला असतो.

नव्या रुग्णाची हकिकत विचारणे हा केवळ उपचार नव्हे. वाग्भटाने दर्शन व स्पर्शन यांच्या जोडीला प्रश्नालाही रोगपरीक्षेचे साधन मानले. इटलीच्या रामाझ्झिनीने १७०० साली ‘धंदा कोणता?’ हा प्रश्न त्यात घालावयास सांगितले. भातखाचरात राबणाऱ्याचा ताप आणि वीटभट्टीवरून परतलेल्याचा खोकला पाहता त्याची आवश्यकता पटते. १९७५ साली हॅम्प्टन व सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये ८० नव्या रुग्णांची पाहणी केली. त्यांपैकी ६६ जणांचे केवळ हकिकतीवरून केलेले निदान अखेरीस खरे ठरले.

डॉक्टरला ठाऊक असते ते रुग्णाला नसते, म्हणून वैद्यकसेवेचा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही, असे अर्थशास्त्रज्ञ केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ साली दाखविले. परंतु उलटही तितकेच खरे आहे. रुग्णाला ठाऊक असते ते डॉक्टरला नसते. ही तूट भरून काढण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे प्रश्न. त्याला लागतो तो वेळ. आणि नेमका तोच दुर्मीळ आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ६७ देशांच्या पाहणीत भारतातील प्राथमिक भेट सरासरी तीन मिनिटांचीही नव्हती.

मात्र रांगेत रुग्णाचे तास वाया जातात, त्यांतील पाच मिनिटे उपयोगात आणता येतील. तक्रार काय, केव्हापासून, पूर्वीचे आजार कोणते, चालू औषधे कोणती, कोणत्या औषधाचे वावडे आहे आणि कामधंदा काय, हे सहा प्रश्न प्रशिक्षित सहायकाने रुग्णाच्या बोलीत विचारावेत व उत्तरे त्याच्याच जवळच्या कागदावर लिहावीत. त्यासाठी थोडा आडोसा मात्र हवा. दारू किंवा पाळीविषयी चारचौघांत कोणी खरे सांगत नाही.

यंत्रांसाठी निधी मागण्यास आपण कचरत नाही. ऐकून घेणाऱ्या माणसाच्या पगारासाठीही तशीच मागणी व्हावयास हवी.