घरोघरचे दप्तर

१९ फेब्रुवारीची सुट्टी आपल्याला एका घरातल्या जुन्या बाडामुळे मिळाली, असे म्हणायला हरकत नाही. भोर तालुक्यात कारी नावाचे गाव आहे. रोहिडखोऱ्याचे देशमुख जेधे तिथले. अफझलखान चालून आला तेव्हा वतनावर पाणी सोडून शिवाजी महाराजांच्या पाठीशी उभे राहिलेले कान्होजी जेधे याच घराण्यातले. या घरात पिढ्यान्‌पिढ्या एक शकावली सांभाळलेली होती. शक, महिना, तिथी आणि त्या दिवशी काय घडले याची एखाददुसरी ओळ, एवढेच तिचे स्वरूप. शके १५४० पासून १६१९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ऐंशी वर्षांच्या अशा कोरड्या नोंदी. त्यातलीच एक ओळ सांगत होती की शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेला, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर झाला.

तोवर महाराष्ट्रात सर्वमान्य तिथी होती ती शके १५४९ ची वैशाख शुद्ध द्वितीया. म्हणजे साल १६२७. दयाजीराव सर्जेराव जेधे यांनी आपल्या घरची शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती दिली आणि टिळकांनी १९१६ मध्ये ती छापून काढली. ती छापली गेली पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संमेलनवृत्तात. मंडळ तेव्हा जेमतेम सहा वर्षांचे होते. मग वाद पेटला. पुढे सदाशिव महादेव दिवेकरांना तंजावरात कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ हे महाराजांच्या काळातले काव्य सापडले, राजस्थानात जुन्या कुंडल्यांच्या संग्रहात महाराजांची कुंडली मिळाली आणि या दोन्हींनी कारीच्या कागदाचीच साक्ष पक्की केली. तिथी की तारीख हा वाद आजही दरवर्षी निघतो. पण १६३० हे साल आता हलत नाही.

जेध्यांच्या घरात ते बाड ज्यांनी ज्यांनी उन्हापावसातून आणि वाळवीतून वाचवले, त्यांना पुढे हीच ओळ शोधली जाईल हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांनी सगळेच जपले. इतिहासाच्या कागदांचे हे पहिले तत्त्व मानावे लागते. जपणारा एक असतो, वाचणारा दुसरा असतो आणि दोघांच्यामध्ये कधी दोनशे वर्षे जातात. या दोघांची गाठ घालून देणारी जागा म्हणजे सदाशिव पेठेतले, भरत नाट्य मंदिराच्या शेजारचे हे मंडळ.

मुळात मराठ्यांच्या राज्याचा इतिहास लोकांच्या घरात का शोधावा लागला? पेशव्यांचे दप्तर तर पुण्यातच होते. १८१८ मध्ये राज्य गेले आणि दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्यात पुढे इनाम कमिशनची भर पडली. १८५२ च्या कायद्याने या कमिशनला बळ मिळाले आणि ज्याच्याकडे सारामाफीची जमीन, त्याने तिचा आधार दाखवावा, असा तगादा सुरू झाला. सनद दाखवता आली नाही की इनाम जप्त. कितीतरी घराण्यांची दप्तरे अशी सरकारजमा झाली. हजारो रुमालांचे, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांचे, हे भांडार पुण्यातच होते, पण सामान्य अभ्यासकाला त्याचे दार बंद होते. गोविंद सखाराम सरदेसायांनी त्यातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड बाहेर पडले ते १९३० च्या सुमारास, म्हणजे राज्य बुडाल्यावर एका शतकाने.

सरकारी दप्तराला कुलूप, म्हणून माणसे घरोघरच्या दप्तरांकडे वळली. ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक १८७८ पासून जुन्या बखरी आणि पत्रे छापू लागले होते. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे नावाचे एक शाळामास्तर पटवर्धनांच्या दप्तरातले कागद वाचून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढू लागले होते. साताऱ्याला दत्तात्रय बळवंत पारसनीस कागद, चित्रे, वस्तू जमवत होते. धुळ्याला शंकर श्रीकृष्ण देव मठामठांतून रामदासी बाडे गोळा करत होते. यांतले बहुतेक जण आपापल्या गावात राहून, आपापला धंदा सांभाळून हे काम करत होते. पगार नव्हता, पदवी नव्हती. गावातली घरे त्यांना माहीत होती आणि घरांना ते माहीत होते, हेच त्यांचे भांडवल.

या सगळ्यांत विश्वनाथ काशिनाथ राजवाडे वेगळे. वाईत हाती आलेल्या पत्रांवरून त्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रे होती, पानिपतापर्यंतची. लढाईवर गेलेल्या माणसांनी स्वतः लिहिलेला मजकूर मराठी वाचकाच्या हातात पडला आणि बखरीतले पानिपत व पत्रांतले पानिपत यांत किती अंतर आहे ते लोकांना दिसले. या मालेचे एकूण २२ खंड झाले. त्यासाठी हा माणूस वर्षानुवर्षे महाराष्ट्रभर हिंडला. स्वतः रांधून खायचे, मिळेल तिथे मुक्काम करायचा, जुने घर दिसले की चौकशी करायची. लिहायचे ते मराठीतच, हा त्यांचा हट्ट शेवटपर्यंत टिकला.

अशा हिंडण्याला एक मर्यादा असते. माणूस थकतो, जमवलेले कागद त्याच्या खोलीत साठतात आणि तो गेला की पुन्हा विखुरतात. ७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी मंडळाची स्थापना केली त्यामागे ही गरज होती. पुण्यातला अप्पा बळवंत चौक ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या मेहेंदळ्यांचे हे घराणे. एक फिरस्ता आणि एक सरदार अशी ही जोडी. कागद आणायचे, सभेत वाचायचे, त्यावर भांडायचे आणि मग छापायचे, असा मंडळाचा शिरस्ता पडला. राजवाड्यांचे पुढे मंडळाशी बिनसले आणि ते धुळ्याला गेले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच वारले. त्यांच्या मागे धुळेकरांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे केले, म्हणजे रागावून गेलेल्या माणसानेही आणखी एका गावात कागदांसाठी घर बांधवून घेतले.

कागद मिळवणे हे वाचण्यापेक्षा अवघड काम होते. इनाम कमिशनच्या आठवणी विझल्या नव्हत्या. कुणी परका माणूस दारात येऊन जुने कागद दाखवा म्हणू लागला की घरच्या कर्त्याला पहिली शंका यायची ती जमिनीची. भाऊबंदकीत एखादा कागद उलटला तर काय, हे भय तर होतेच. दुसरीकडे, ज्यांना जुनी मोडी लिपी वाचता येईनाशी झाली त्यांच्या लेखी ही सगळी रद्दी. ती बंबात गेली, वाण्याच्या पुड्यांत गेली, शोभेच्या दारूच्या नळ्यांत गेली. कुणी श्रद्धेने नदीत सोडली. कागदाचा शत्रू नेहमी वाळवीच असतो असे नाही. पुष्कळदा तो घर आवरणारा चांगला माणूस असतो.

म्हणून देणाऱ्याला भरवसा वाटणे महत्त्वाचे होते. कागद आपल्या घराण्याच्या नावाने ओळखला जाईल, छापून येईल, चार जाणती माणसे तो वाचतील, हा भरवसा मंडळाने दिला आणि दप्तरे येत गेली. आज मंडळात १५ लाखांच्या आसपास कागद आणि ३० हजारांच्या घरात पोथ्या व हस्तलिखिते आहेत. शिवाय नाणी, चित्रे, ताम्रपट. सरकारने हुकूम काढून हे जमवलेले नाही.

दप्तराचे एकक म्हणजे रुमाल. चौकोनी जाड्याभरड्या कापडात कागदांचा गठ्ठा ठेवायचा, चारी टोके आणून गाठ मारायची, वर चिठ्ठी. पेटीपेक्षा हे बरे. कापडातून हवा खेळते, गठ्ठा लहानमोठा झाला तरी कापड सामावून घेते आणि पळायची वेळ आली तर रुमाल काखोटीला मारता येतो.

रुमाल सोडला की समोर येते मोडी. कारकून आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवी रेघ ओढायचा आणि मग बोरूने तिला अक्षरे लटकवत जायचा. हात शक्यतो उचलायचा नाही, म्हणून अक्षरे मोडलेली, एकमेकांत वळलेली. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. नवशिक्याला वाटते की वाचता येण्यासाठी अक्षरे ओळखली की झाले. तसे होत नाही. आधी मजकूर अंदाजाने कळावा लागतो, मग अक्षर कळते. पत्राचे मायने, शेवटचे ‘बहुत काय लिहिणे’, ‘मोर्तब सुद’ असे ठरीव शब्द पाठ असले की त्यांच्या आधाराने मधला मजकूर सुटू लागतो.

मग तारीख. पत्राच्या शेवटी ‘छ’ लिहून चंद्राची तारीख आणि मुसलमानी महिना असतो; साल असते सुहूर सनातले, तेही अरबी शब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६१. हे साल मृगाला सुरू होते. त्यात ५९९ मिळवायचे. तारीख जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतची असेल तर ६००. म्हणजे हे पानिपताचे साल निघाले. पुढे दिवस काढायला जंत्री उघडायची. एका पत्राची तारीख चुकली तर लढाईच्या आधीचे पत्र लढाईनंतरचे ठरते आणि सगळी कथाच उलटते. गणेश हरी खरे यांच्यासारख्या माणसांनी मंडळात आयुष्य घालवले ते या असल्या कामात. महाराष्ट्राच्या घराघरांतली फारसी फर्माने वाचून त्यांनी ‘ऐतिहासिक फारसी साहित्य’ या नावाने ती मराठीत आणली. दत्तो वामन पोतदारांनी मंडळाचा संसार दीर्घकाळ सांभाळला.

एक आक्षेप मात्र टाळता येत नाही. ज्यांच्या घरी कागद होते त्यांचाच इतिहास अशा मार्गाने वाचतो. देशमुख, देशपांडे, सरदार, सावकार, भिक्षुक यांची दप्तरे आली. ज्यांच्याकडे लिहिणे नव्हते, त्यांचे काय? आक्षेप खरा आहे आणि त्याचे पुरते उत्तर मंडळाकडे नाही. अर्धे उत्तर मात्र त्याच रुमालांत आहे. ‘शिवचरित्र साहित्य’ या मंडळाच्या मालेत महाराजांच्या पत्रांच्या बरोबरीने ठिकठिकाणचे महजर आणि निवाडपत्रे छापलेली आहेत. महजर म्हणजे गोतसभेने बसून केलेला निवाडा. पाटीलकी कुणाची, शेत कुणाचे, शीव कुठून जाते, असले तंटे. निवाड्याला गावच्या बलुतेदारांची साक्ष लागे आणि शिवेच्या भांडणात महाराच्या शब्दाला मोठे वजन असे. खाली ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या निशाण्या: पाटलाचा नांगर आणि बाकीच्यांची ज्याच्या त्याच्या धंद्याची खूण. देशमुखाने आपल्या वतनासाठी तो कागद जपला आणि त्याच्याबरोबर नकळत अख्खे गाव जपले गेले. आज एखाद्या खेड्याला आपला साडेतीनशे वर्षांपूर्वीचा पाटील कोण, चौगुला कोण, शीव कुठली हे कळते ते अशा कागदांतून. राज्याच्या इतिहासासाठी जमवलेले हे साहित्य खरे तर गावांचा इतिहास आहे. गावकऱ्यांनी तो अजून पुरता मागितलेला नाही.

मागण्यासाठी वाचता आले पाहिजे. मोडी शाळेतून गेली, कचेरीतून गेली आणि दोन पिढ्यांत महाराष्ट्र आपल्याच आजोबांच्या अक्षराला निरक्षर झाला. मंडळात मोडीचे वर्ग भरतात. अशा वर्गांना इतिहासाचे विद्यार्थी तर येतातच. त्यांच्या जोडीला निवृत्त माणसे, वकील आणि घरात एखादी पेटी असलेली माणसेही असतात. कुणाला जमिनीचा फेरफार वाचायचा असतो, कुणाला पणजोबांची वही. महिन्याभरात पहिली ओळ सुटते. ती बहुधा उधारीची असते, किंवा बैलाच्या किमतीची.

तिकडे जुने वाडे पाडून इमारती उभ्या राहतात. वाटण्या होतात, माळे रिकामे होतात, आणि दोनशे वर्षे टिकलेला कागद दोन दिवसांत जातो. असे काही हाती लागले तर करायचे ते थोडेच आहे. उन्हात वाळत घालू नये. चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकमध्ये चिकटवून घेऊ नये. घड्या जोराने उलगडू नयेत. कागद ज्या क्रमाने बांधलेले सापडले तो क्रम मोडू नये, कारण कोणता कागद कुणाच्या शेजारी होता हेही एक साक्षच असते. स्वच्छ सुती कापडात बांधून वर घराण्याचे नाव, गाव आणि कुठे सापडले ते लिहावे. मग कुणा जाणत्याला दाखवावे. कागद द्यायलाच हवा असे नाही; नक्कल करू दिली तरी काम होते.

आणि यात काही कामाचे दिसत नाही म्हणून टाकू नये. कारीच्या त्या बाडातही बहुतेक ओळी अशाच होत्या. अमुक सालात अमुक जन्मला, अमुक मेला, अमुक किल्ला घेतला. त्यांतली कोणती ओळ पुढे कुणी मागेल, हे जेध्यांनी ठरवले नाही. त्यांनी गाठ मारली आणि रुमाल पुन्हा जागेवर ठेवला.