सोयाबीनचे दहा तुकडे आणि मंडळाची सरासरी

गेवराई तालुक्यात सोयाबीनची पानं गळून शेंगा वाळल्या की पीक कापणी प्रयोग सुरू होतात. महसूल मंडळाचं सरासरी उत्पन्न उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेलं, तरच पीकविम्याची भरपाई. उंबरठा म्हणजे मागच्या 7 वर्षांतल्या चांगल्या 5 वर्षांच्या सरासरीचे 70 टक्के. खरीप 2025पासून राज्यात भरपाई याच प्रयोगांवर ठरते.

शेत निवडणं कुणाच्या मर्जीवर नाही. गट नंबर यादृच्छिक आकड्यांनी निघतो, शेतातली जागाही तशीच. नैर्ऋत्य कोपऱ्यातून लांबीला इतकी पावलं, रुंदीला इतकी. आकडे संपले तिथे पहिली खुंटी. समोर शेंगांनी लगडलेलं पीक असो की तुटाळ, खुंटी हलवायची नाही. तिथून 10 बाय 5 मीटरचा चौकोन आखतात. बाजू बरोबर असूनही चौकोन तिरका होऊ शकतो, म्हणून कर्णही मोजायचा. तो 11 मीटर 18 सेंटिमीटर भरला पाहिजे. दोरी ताणली की खरी बोलाचाली होते: दोरीवरचं झाड आत की बाहेर? बुड आत असेल तर आत.

हा वाद क्षुल्लक नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी 1940च्या दशकात दाखवून दिलं, की तुकडा फार लहान असला तर कडेची झाडं आत धरली जातात आणि उत्पन्न फुगतं.

कापलेलं सोयाबीन बडवून, उफणून तराजूवर जातं. वजनाला 200ने गुणलं की हेक्टरी उत्पन्न. मंडळात असे किमान 10 प्रयोग.

आता समजा, दहांची सरासरी 940 किलो आली आणि उंबरठा 900 आहे. भरपाई शून्य. पण गोदाकाठच्या काळ्या रानात उतारा चांगला, मुरमाड माळावर निम्माही नाही. या फरकाचं प्रमाण विचलन 250 किलो धरलं, तर त्याला 10च्या वर्गमुळाने भागून सरासरीची प्रमाण त्रुटी 79 किलो येते. सरासरी खरोखर उंबरठ्याच्या वर आहे हा दावा 5 टक्के पातळीवर टिकायला 40 नव्हे, जवळपास 145 किलोंची आघाडी हवी. उलट 860 आली असती, तर तूटही सिद्ध झाली नसती. भरपाई मात्र मिळाली असती. विम्याचा नियम फक्त सरासरी बघतो, तिच्यामागचे चढउतार बघत नाही.

प्रयोग चौपट केले तर ही त्रुटी निम्मी होईल. चुकीच्या जागी ठोकलेल्या खुंटीला मात्र कोणतंही गणित सुधारू शकत नाही. म्हणून गावात प्रयोग लागला की शेतकऱ्यांनी हजर राहावं, टेपचं दुसरं टोक धरावं आणि वजन कागदावर चढल्याशिवाय सही करू नये.